जागा संपली म्हणून हक्क संपतो का?

ब्रसेल्समध्ये ग्रां प्लास हा प्रसिद्ध चौक पाहून झाला की वीसेक मिनिटं चालत कालव्याकडे जावं. तिथे बुरुज असलेली एक जुनी लष्करी बराक लागते. तिचं नाव प्ती शातो, म्हणजे छोटा किल्ला. १९८६ पासून इथे बेल्जियममध्ये आश्रय मागायला आलेल्या लोकांना ठेवतात. २०२२-२३ च्या हिवाळ्यात या बराकीसमोर कालव्याच्या कडेने तंबूंची रांग लागली होती. त्यात राहणारे बहुतेक एकटे आलेले तरुण होते. अफगाणी बरेच, शिवाय बुरुंडीचे, गिनीचे, आणखी कुठले कुठले.

या प्रत्येकाला खाट, जेवण आणि डॉक्टर देणं बेल्जियमच्या सरकारवर कायद्याने बंधनकारक होतं. कित्येकांच्या हातात तर तसा कोर्टाचा आदेशही होता. तरी ते तंबूत होते. बेल्जियम गरीब देश नाही, आणि ज्या इमारतींत युरोपचे आश्रयविषयक नियम लिहिले जातात त्या तिथून जेमतेम तीन-चार किलोमीटरवर आहेत. मग हे झालं कसं? निवारा केंद्रांची व्यवस्था कशी चालते ते कळलं की उत्तर मिळतं. ते 'लोक फार आले' यापेक्षा थोडं गुंतागुंतीचं आहे.

निकाल लागेपर्यंत माणूस कुठे राहतो

आधी दोन शब्द वेगळे करू. एखादी व्यक्ती 'मला माझ्या देशात धोका आहे, मला संरक्षण द्या' असा अर्ज करते तेव्हा ती आश्रयार्थी. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांमुळे तिचा छळ होण्याची सबळ भीती आहे हे मान्य झालं की ती निर्वासित. ही व्याख्या १९५१ च्या जिनिव्हा करारातली. (भारताने या करारावर सही केलेली नाही, म्हणून आपल्याकडे हे सगळं वेगळ्या आणि बऱ्याच अंशी तात्पुरत्या नियमांवर चालतं. तो स्वतंत्र विषय.)

अर्ज आणि निकाल यांच्यामध्ये काही महिने जातात, पुष्कळदा वर्ष-दोन वर्षं. या मधल्या काळात त्या माणसाला परत पाठवता येत नाही, कारण अर्ज खरा निघाला तर त्याला मृत्यूच्या दारात ढकलल्यासारखं होईल. सुरुवातीला त्याला नोकरी करायची परवानगीही नसते. म्हणजे सरकार त्याला सांगतं, 'थांब, आम्ही तपासतो; तोवर कमवायचं नाही.' असं सांगणाऱ्याने मग त्याच्या पोटाची सोय करायला हवी, हा निवारा केंद्रांमागचा साधा तर्क. युरोपीय संघाच्या २०१३ च्या निर्देशात तो लिहिलेला आहे: अर्ज केल्यापासून त्या माणसाला सन्मानाने जगता येईल इतकी मदत द्यायची. मदत करणाऱ्याच्या दानतीवर ती अवलंबून ठेवलेली नाही.

बेल्जियमने यासाठी १२ जानेवारी २००७ चा कायदा केला. अंमलबजावणी 'फेडासिल' या केंद्र सरकारच्या संस्थेकडे आहे. ती २००२ पासून काम करते. काही केंद्रं फेडासिल स्वतः चालवते, बरीच केंद्रं रेड क्रॉस चालवते, आणि काही घरं गावोगावच्या समाजकल्याण कार्यालयांकडे असतात.

आत गेल्यावर पहिल्या दिवशी काय होतं? परदेशी नागरिक कार्यालयात नोंदणी, बोटांचे ठसे, फोटो. ठसे युरोपभरच्या डेटाबेसमध्ये तपासले जातात, कारण डब्लिन नियमानुसार साधारणपणे ज्या देशातून माणूस युरोपात शिरला त्या देशाने त्याचा अर्ज पाहायचा असतो. मग क्षयरोगासाठी छातीचा एक्स-रे, लसी, पहिली वैद्यकीय तपासणी. कोणी गरोदर आहे का, कोणाच्या अंगावर मारहाणीच्या खुणा आहेत का, कोणी अठराच्या आतलं एकटं मूल आहे का, हे पाहायचं. एकट्या मुलांना सरकार पालक नेमून देतं. ती सोय २००४ पासून आहे. त्यानंतर एखाद्या केंद्रात जागा नेमून दिली जाते. ते केंद्र कुठल्यातरी खेड्याबाहेरची जुनी बराक असू शकतं, सुट्टीतल्या वसतिगृहाची इमारत असू शकते.

मदतीची यादी लांब आहे: निवास, जेवण, कपडे, औषधोपचार, मानसिक आधार, सामाजिक कार्यकर्ता, दुभाषी, मोफत वकील, मुलांना शाळा. हातखर्चाला आठवड्याला दहा युरोंच्या आसपास रक्कम. केंद्रात भांडी घासणं, झाडलोट अशी कामं करून थोडे जास्त मिळवता येतात. चार महिन्यांत निर्णय आला नाही, तर बाहेर नोकरी करता येते, आणि मग कमाईतला वाटा केंद्राला द्यावा लागतो.

या यादीत बाहेरच्याला दुय्यम वाटणारी एक गोष्ट माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आहे: वकील आणि दुभाषी. माणसाचं पुढचं सगळं आयुष्य एका मुलाखतीवर ठरणार असतं. त्यात तो तारखांत गोंधळला, किंवा दारी या अफगाणी भाषेत बोललेलं दुभाष्याने अर्धवट पोचवलं, तर नकार येऊ शकतो. रस्त्यावर झोपणारा माणूस या मुलाखतीची तयारी काय करणार? त्याचे कागद पावसात भिजलेले, फोन बंद, वकिलाचा निरोप पोचत नाही. म्हणजे खाट मिळाली नाही की न्यायही दुरावतो.

पैसे द्यावेत की जेवण?

बेल्जियममध्ये २००१ च्या आधी आश्रयार्थींना समाजकल्याण कार्यालयातून रोख मदत मिळायची. लोक शहरात खोली घेऊन राहायचे. पुढे सरकारला वाटलं की रोख रकमेच्या ओढीने लोक येतात, म्हणून २००१ पासून सुरुवातीच्या टप्प्यात आणि २००७ च्या कायद्याने संपूर्ण प्रक्रियेत, मदत वस्तुरूपात करायचं ठरलं. पैशांऐवजी खाट आणि ताट.

याचा एक फायदा आहे: नवखा, भाषा न येणारा माणूस घरमालक आणि दलाल यांच्या तावडीत सापडत नाही. तोटे अधिक. सहा-आठ अनोळखी माणसांची एक खोली, जेवणाच्या ठरलेल्या वेळा, ठरलेला पदार्थ, दिवसभर काम नाही. स्वतःच्या हाताने दोन घास शिजवता न येणं हे दोन आठवडे चालतं. दीड वर्ष चाललं की माणूस खचतो. केंद्रांत काम करणारे लोकही हेच सांगतात.

आपल्याकडचं एक उदाहरण इथे आठवणं रास्त आहे. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळीवडे इथे सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची वसाहत होती, १९४३ ते १९४८. बहुतेक बायका आणि मुलं, सोव्हिएत छावण्यांतून सुटून आलेली. तिथे कुटुंबांना बराकींमध्येच पण वेगवेगळं बिऱ्हाड होतं, चूल वेगळी होती. शाळा होत्या, चर्च होतं. परक्या मुलखात, उन्हाळ्यात, युद्धाच्या टंचाईत. कुटुंबाला स्वतःची चूल देण्यासाठी आधुनिक इमारत लागतेच असं नाही, एवढं त्यावरून दिसतं.

वस्तुरूप मदतीतला आणखी एक धोका म्हणजे ती काढून घेता येते. बेल्जियमच्या एका केंद्रात दोन गटांत हाणामारी झाली. त्यात असलेल्या एका अल्पवयीन अफगाण मुलाला शिक्षा म्हणून १५ दिवस केंद्राबाहेर काढलं. तो काही रात्री ब्रसेल्सच्या बागेत झोपला. प्रकरण लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयापर्यंत गेलं आणि १२ नोव्हेंबर २०१९ रोजी न्यायालयाने सांगितलं: शिस्त लावा, दुसऱ्या खोलीत हलवा, दुसऱ्या केंद्रात पाठवा, पण निवारा, अन्न आणि कपडे शिक्षा म्हणून काढून घेता येणार नाहीत, तात्पुरतेसुद्धा नाहीत. न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली, की हाकलून देताना खासगी धर्मशाळांची यादी हातात ठेवली म्हणजे सरकारची जबाबदारी संपली असं होत नाही.

खाटांचं गणित

आता मूळ प्रश्न. जागा संपतात कशा?

एक सोपी आकडेमोड करू. समजा रोज १०० लोक येतात आणि प्रत्येक जण सरासरी ३०० दिवस राहतो. तर कुठल्याही दिवशी ३०,००० खाटा भरलेल्या असणार. आता येणारे रोज १०० च ठेवा, पण मुक्काम ४०० दिवसांवर जाऊ द्या. लागणाऱ्या खाटा ४०,०००. सीमेवरून एकही जादा माणूस न येता १०,००० खाटांची टंचाई तयार झाली.

हे १०० आणि ३०० मी उगाच घेतलेले नाहीत. बेल्जियममध्ये २०२२ साली सुमारे ३७,००० जणांनी आश्रयासाठी अर्ज केले, म्हणजे दिवसाला शंभराच्या आसपास. खाटांची संख्या २०२३ अखेर सुमारे ३५,००० होती. काही अर्जदार नातेवाइकांकडे राहतात, त्यामुळे प्रत्यक्ष हिशेब थोडा निराळा, पण प्रमाण हेच. टीव्हीवरची चर्चा नेहमी 'किती आले' यावर असते. 'किती दिवस राहावं लागलं' हा आकडा कोणी विचारत नाही, आणि तो सरकारच्या हातात जास्त असतो.

मुक्काम लांबला कशाने? ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडलं. त्या देशाचं पुढे काय होणार हे कळेना, म्हणून बेल्जियमच्या निर्वासित आयुक्तालयाने अफगाण अर्जांवरचे बरेच निर्णय काही महिने थांबवले. अफगाणी हाच तेव्हा सर्वांत मोठा गट. अर्ज साठले, माणसं केंद्रांतच राहिली. त्यात कोरोनाच्या विलगीकरणासाठी खोल्या अडकलेल्या, आणि जुलै २०२१ च्या पुराने वालोनियात, म्हणजे दक्षिण बेल्जियममध्ये, घरं गेलेल्यांनाही निवारा हवा होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये प्ती शातोच्या कर्मचाऱ्यांनीच संप केला: आता माणसं ठेवायला जागा नाही, आम्ही काम कसं करायचं?

पण याच्याही मागे जावं लागतं. २०१५ मध्ये सीरिया, इराक, अफगाणिस्तानातून मोठी लाट आली. बेल्जियममध्ये त्या वर्षी ४४,००० हून अधिक लोकांनी अर्ज केले. नोंदणी दिवसाला २५० जणांवर रोखली गेली, म्हणून परदेशी नागरिक कार्यालयाजवळच्या मॅक्सिमिलियन बागेत तंबू पडले. तिथे जेवण आणि कपडे वाटणाऱ्या सामान्य ब्रसेल्सकरांतून नागरिकांची एक संघटना उभी राहिली, ती आजही काम करते. सरकारने घाईने केंद्रं उघडली. लाट ओसरली तशी हजारो जागा पुन्हा बंद केल्या, भाडेकरार मोडले, अनुभवी माणसं कमी केली. २०१८ च्या शेवटी अर्ज वाढू लागले तेव्हा सरकारने दिवसाला ५० च नोंदी करायचं ठरवलं. महिन्याभरात राज्य परिषदेने, म्हणजे तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने, तो निर्णय स्थगित केला.

रिकामी खाट ही वाया गेलेली खाट, असा हा हिशेब. अग्निशमन दल वर्षात किती दिवस रिकामं बसलं यावरून त्याच्या गाड्या कोणी विकत नाही. निवारा केंद्रांच्या बाबतीत मात्र नेमकं तेच होतं, कारण रिकाम्या केंद्राचा खर्च लगेच दिसतो आणि बंद केलेल्या केंद्राचा खर्च पुढच्या मंत्र्याच्या काळात येतो.

कोर्ट सांगतं, सरकार ऐकत नाही

जागा कमी पडल्यावर फेडासिलने क्रम लावला. कुटुंबं, बायका आणि एकटी मुलं आधी. एकट्या पुरुषांनी नाव नोंदवून वाट पाहायची. यादी काही हजारांवर गेली आणि प्रतीक्षा महिन्यांवर. २०२२ च्या शरद ऋतूत काही कुटुंबं आणि मुलंही रस्त्यावर राहिली.

वकिलांनी एकेका माणसासाठी कामगार न्यायालयात धाव घेतली. बेल्जियममध्ये असे खटले तिथे चालतात. न्यायालयाने एकामागून एक हजारो आदेश दिले की फेडासिलने याला जागा द्यावी, नाहीतर दिवसाला अमुक दंड. सरकारने जागाही दिली नाही आणि दंडही भरला नाही. मग गिनीहून आलेल्या एका तरुणाची याचिका स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात पोचली. त्याच्या बाजूने ब्रसेल्सच्या न्यायालयाचा आदेश जुलै २०२२ मध्ये आला होता. खाट मिळाली नोव्हेंबरमध्ये, तीही स्ट्रासबर्गने अंतरिम आदेश दिल्यावर. १८ जुलै २०२३ च्या निकालात त्या न्यायालयाने म्हटलं की हा एखाद्या प्रकरणातला उशीर नाही, आपल्याच न्यायालयांचे अंतिम निर्णय न पाळण्याचा हा पद्धतशीर दोष आहे.

सहा आठवड्यांनी, ऑगस्ट २०२३ अखेर, आश्रय खात्याच्या तेव्हाच्या राज्यसचिव (कनिष्ठ मंत्री) निकोल द मूर यांनी जाहीर केलं की एकट्या पुरुषांना आता तात्पुरती जागा देणारच नाही, हिवाळ्यासाठी जागा मुलाबाळांकरता राखायच्या आहेत. सप्टेंबरमध्ये राज्य परिषदेने हा निर्णय स्थगित केला. त्यावर त्यांचं म्हणणं असं, की स्थगितीने खाटा वाढत नाहीत, धोरण चालू राहील. लहान मुलाला थंडीत ठेवायचं की तरुणाला, असा प्रश्न विचारला की कोणीही मुलाच्याच बाजूने बोलेल. पण असा प्रश्न विचारावा लागणं हेच चूक होतं, आणि त्यावर उपाय कायद्यातच होता. केंद्रं भरली तर आश्रयार्थींना गावोगावच्या समाजकल्याण कार्यालयांतून रोख मदत देता येत होती. लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने २०१४ मध्ये बेल्जियमच्याच एका प्रकरणात सांगितलं होतं की असे पैसे दिले तर ते खोली भाड्याने घेण्याइतके असले पाहिजेत. सरकारने ती वाट धरली नाही. रोख रकमेची ओढ, तीच जुनी भीती.

याच काळात युक्रेनमधून आलेल्या साठ हजारांवर लोकांची सोय वेगळ्या मार्गाने झाली. युरोपने मार्च २०२२ मध्ये त्यांच्यासाठी तात्पुरत्या संरक्षणाचा नियम लागू केला. त्यांना आश्रयाचा अर्ज, मुलाखत, प्रतीक्षा यातून जावं लागलं नाही; लगेच काम करता आलं, रोख मदत मिळाली, पुष्कळांना नागरिकांनी घरात घेतलं. निकाल लागेपर्यंत खाट अडवून बसण्याची पाळी त्यांच्यावर आली नाही. इच्छा असली तर प्रशासन किती वेगाने हलतं हे अफगाणी तरुणांनी तंबूतून पाहिलं.

मग रस्त्यावर कोणी सांभाळलं?

२०२२ च्या ऑक्टोबरपासून ब्रसेल्सच्या स्कारबेक भागातल्या एका रिकाम्या सरकारी इमारतीत लोक राहू लागले. पूर्वी तिथे अर्थखात्याचं कार्यालय होतं. शेकडो माणसं, मोजकी शौचालयं, पाण्याची बोंब. खरूज पसरली, घटसर्पाचे रुग्ण सापडले. फेब्रुवारी २०२३ मध्ये ती इमारत रिकामी केली, काहींना जागा मिळाली, उरलेले कालव्याकाठच्या तंबूंत गेले. मार्चमध्ये तेही तंबू उठवले.

'डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स', 'डॉक्टर्स ऑफ द वर्ल्ड', रेड क्रॉस आणि मॅक्सिमिलियन बागेतून उभी राहिलेली नागरिकांची ती संघटना यांनी मिळून ब्रसेल्समध्ये एक मदत केंद्र सुरू केलं. सकाळी तिथे दवाखाना असतो, कपडे मिळतात, कायद्याची माहिती मिळते, आणि फोन चार्ज करता येतो. फोन ही चैन नाही. कार्यालयाचा ईमेल, वकिलाचा निरोप, जागा मिळाल्याची खबर आणि घरच्यांचा आवाज, सगळं त्यात.

डॉक्टरांना या कामात काय अडतं ते खरुजेवरून कळेल. औषध स्वस्त आहे, गोळी किंवा मलम. पण त्याच वेळी अंगावरचे कपडे आणि अंथरूण गरम पाण्यात धुवावं लागतं, आणि शेजारी झोपणाऱ्यांनाही औषध द्यावं लागतं. तंबूत राहणारा माणूस बदलायला दुसरे कपडे कुठून आणणार? तो बरा होतो आणि आठवड्याने पुन्हा येतो. अशा वेळी दवाखान्याने कितीही काम केलं तरी इलाज खाटच असते. स्वयंसेवी संस्थांची कोंडी इथे आहे: त्यांनी काम थांबवलं तर माणसं मरतील, आणि चालू ठेवलं तर सरकारला आपली जबाबदारी टाळणं सोपं जातं. त्या संस्था म्हणूनच एका हाताने औषध देतात आणि दुसऱ्या हाताने खटले भरतात.

'जागाच नव्हती' या सबबीचा निकाल पुढे आयर्लंडच्या एका प्रकरणात लागला. २०२३ च्या सुरुवातीला डब्लिनमध्ये एक अफगाण आणि एक भारतीय अशा दोन आश्रयार्थींना २५ युरोंचं एकेक कूपन देऊन निवाऱ्याविना सोडलं होतं. आयर्लंडने चूक मान्य केली, पण युक्रेनमुळे अचानक जागा संपल्या, आमचा नाइलाज होता, असं म्हटलं. १ ऑगस्ट २०२५ रोजी युरोपीय न्यायालयाने हा बचाव फेटाळला. केंद्रं भरली असतील तर हॉटेल घ्या, पैसे द्या, कूपन द्या, पण मूलभूत गरजा भागल्याच पाहिजेत. नाहीतर नुकसानभरपाई मागण्याचा मार्ग मोकळा. जून २०२६ ही नव्या युरोपीय निर्देशाच्या अंमलाची तारीख आहे. त्यानुसार गर्दी होण्याआधीच तिची तयारी कशी करणार याचा आराखडा प्रत्येक देशाने बनवायचा आहे.

आणि निकाल बाजूने लागला तर? तर केंद्र सोडायचं असतं. साधारण दोन महिन्यांत घर शोधायचं, गरज पडल्यास मुदत थोडी वाढते. ब्रसेल्सचा घरमालक पगाराच्या शेवटच्या तीन पावत्या मागतो, अनामत मागतो, फ्रेंचमध्ये किंवा डचमध्ये बोलतो. ज्याला परवाच निर्वासिताचा दर्जा मिळाला त्याच्याकडे यातलं बहुधा काहीच नसतं. म्हणून तो मुदत वाढवून मागतो, त्याची खाट अडून राहते, आणि त्या खाटेची वाट पाहणारा बाहेर थांबतो.